तलावाकाठचं घर आणि बाईचा पलंग

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. बाकी दुनिया तिला मीराबाई सिस्टर म्हणते, कारण कुरखेड्यापासून सिंदेवाहीपर्यंतच्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून तिचा जन्म गेला. जिथे बदली तिथे क्वार्टर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कोणाला तरी विचारावं लागायचं. भाऊजी लवकर गेले. मग तिने एकटीने मिथुनला शिकवलं, नागपूरला नोकरीला लावलं, त्याचं लग्न केलं. एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना बाईने मला बल्लारपूरला फोन केला. म्हणाली, "वामन, गाडी काढ. घर पाहाले जाचं आहे."

मी पेपर मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. व्यवहार मला कळतो, निदान मी तसं चारचौघांत सांगत असतो. मला वाटलं नागपूरला फ्लॅट घेत असेल, नाहीतर चंद्रपूरला प्लॉट. बाईने मोटरसायकलवर मागे बसून मला नेलं ते थेट आंबेटोल्याला. हे आमच्या आईचं माहेर. सिंदेवाहीपासून जंगलातून जाणारा रस्ता, रात्र झाली की वाघाच्या भीतीने त्यावर कोणी फिरकत नाही. गावाच्या टोकाला मोठा तलाव आणि तलावाला लागून एका ठेकेदाराने हौसेने बांधलेलं घर. समोर लांबरुंद वरांडा, मागे चार खोल्या आणि वरांड्यातून उतरणाऱ्या पायऱ्या सरळ पाण्यात. ठेकेदार आता चंद्रपूरला राहायला गेला होता आणि त्याला हे घर विकून टाकायचं होतं.

"इथी राहून काय करशील?" मी विचारलं.

"राहाचं नाई आत्ताच. भाड्यानं देईन. ताडोब्याले येनारे लोक पाण्याजवळ राहाले पैसे देतेत. रिटायर झाली का मंग एका खोलीत मी राहीन, बाकीच्या खोल्या मले पोसतीन."

मी हसलो. फार हसलो. तिला राग आला नाही. पायरीवर बसून तिने चप्पल काढली आणि पाय पाण्यात सोडले.

"वामन, मिथुनच्या घरी मी जाते तेव्हा कुठी झोपते, मालूम आहे तुले? हॉलमधल्या दिवाणावर. रात्री टीव्ही बंद होईपर्यंत मले जागं राहा लागते आन् सकाळी दूधवाला यायच्या आधी अंथरूण गुंडाळा लागते. पोरगं चांगलं आहे. सून बी चांगली आहे. पण रिटायर झाल्यावर मले दिवाणावरची म्हातारी नाई व्हाचं."

मला तिचं म्हणणं कळलं. मिथुनला मात्र ते पटलं नाही. फोनवर मायलेकांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी बाईनेच तोड काढली. रिटायर होईपर्यंत घराने स्वतःचा खर्च स्वतः काढला तर ती तिथे राहील. नाही काढला तर घर विकून निमूट नागपूरला येईल. मिथुन लगेच कबूल झाला. आई हरणार याची त्याला खात्री होती. खोटं कशाला सांगू, मलाही होती.

बाईने फंडातले पैसे काढले, घर घेतलं, निळा रंग दिला आणि दारावर 'तलावकाठ' अशी पाटी लावली. घरभरणीला बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, खीर झाली. आईकडचं अख्खं गोत जमलं होतं. आनंदाच्या भरात बाई हात जोडून सगळ्यांना म्हणाली, "हे घर तुमचंच आहे. कधीबी या."

आता असं सगळेच म्हणतात. पण आमच्या या झाडीपट्टीतल्या माणसाने दिवाळीच्या तोंडावर, गावात नाटक व्हायचं असताना, तलावाकाठच्या मोठ्या घराच्या दारात उभं राहून हे बोलू नये. आमच्याकडे धान निघाला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि रात्री नाटक होतं. वडशाहून नाटक कंपनी येते, मंडप पडतो आणि ज्या गावात नाटक त्या गावातल्या प्रत्येक घरी लेकी, जावई, मामे, मावशा, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे मेव्हणे असे पाहुणे येऊन पडतात. नाटकाला आलेल्या पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. त्याच्याकडून भाडं मागायचं? तसं करणाऱ्याच्या लेकराला बायको मिळणार नाही.

त्या वर्षी 'तलावकाठ' मंडईपासून होळीपर्यंत भरलेलं होतं. आंबेटोल्याचं नाटक झालं की शेजारच्या गावचं. लोक म्हणायचे, परत कशाला जायचं, बाईचं घर आहे ना. चारही खोल्यांत अंथरुणं, पायऱ्यांवर धुणं, चुलीवर मटण आणि आतबाहेर पोरांचा गोंधळ. खरं भाडं देणारे दोघंतिघं येऊन गेले, पण वरांड्यात वाळत घातलेली लुगडी बघून गाडीतून न उतरताच परत फिरले. बाई ड्यूटी करून यायची आणि पाहुण्यांना जेवायला वाढायची. मीसुद्धा सहकुटुंब चार वेळा जाऊन आलो. मासे फार छान मिळायचे.

होळीनंतर तलाव आटत आटत मधोमध गेला आणि पायऱ्या कोरड्या पडल्या. पाहुणे गेले. मिथुनने फोन करून विचारलं, "आई, मग काय झालं?" बाई म्हणाली, "अजून एक साल बाकी आहे." पण आवाजात जोर नव्हता. मला तेव्हा तिची कीव आली आणि तिचा रागही आला. माणसाने इतकं भिडस्त असावं?

दुसऱ्या वर्षी मिथुननेच घराचे फोटो इंटरनेटवर टाकले. पोरगं इमानदार, शर्त लावली म्हणून आईला मदत करायची थांबलं नाही. पाण्याने भरलेला तलाव, निळं घर, पायऱ्या. बघता बघता नागपूरच्या पराते साहेबांनी तीन खोल्या सांगितल्या. बँकेतून रिटायर झालेला माणूस, सोबत बायको आणि दोन मित्रांची कुटुंबं. शनिवार ठरला, पैसे आधीच आले. बाईने नव्या चादरी आणल्या.

आणि मग गावच्या मंडळाला नाटक कंपनीची तारीख मिळाली. तोच शनिवार.

शनिवारी दुपारी मी पोहोचलो तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या चादरींवर आमच्या चुलतमामाचं अख्खं घराणं आडवं झालेलं. एका खोलीत बायका वडे थापत होत्या, दुसरीत पत्ते रंगले होते. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. चेहरा उतरलेला.

"त्यायले फोन करून टाक," मी म्हणालो. "सांग का सिंदेवाहीच्या लॉजवर जा म्हणून. नातेवाइकायले कोन हाकलते?"

"मी बी तेच करून राह्यली होती," बाई म्हणाली. "फोन लागत नाई."

इतक्यात बाहेर हॉर्न वाजला. दोन गाड्या. पराते साहेब उतरले, अंगणातल्या गर्दीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, परत गर्दीकडे बघितलं. त्यांची बायको खाली उतरलीच नाही. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, इथे काही कार्यक्रम आहे का? आम्ही चुकीच्या दिवशी आलो का?"

बाईने त्या गाड्यांकडे पाहिलं, मागे वळून घराकडे पाहिलं. त्या एका क्षणात दिवाण, टीव्ही, दूधवाला हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. कारण मग तिने पदर खोचला आणि जो आवाज काढला तो मी आधी फक्त दवाखान्यात ऐकला होता.

"चला! पेशंटजवळचे नातेवाईक बाहेर! सगळे बाहेर व्हा! खोली खाली करा!"

मी सांगतो, घर एकदम चिडीचूप झालं. पत्ते हातात तसेच राहिले. त्या घरातला एकही माणूस असा नव्हता जो कधी ना कधी बाईच्या वॉर्डात कोणासोबत गेला नव्हता आणि तिच्याकडून हाकलला गेला नव्हता. बाळंतपण असो, साप चावलेला असो, तो आवाज ऐकला की बाहेरच्या बाकड्यावर जायचं, हे आमच्या सगळ्या खानदानाच्या अंगात भिनलेलं. चुलतमामा तर ताडकन उठले आणि स्वतःची गादी काखेत मारून निघाले.

"कुठी जाऊ सिस्टर?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या भाचीला माणूस सिस्टर म्हणाला.

"वरांड्यात. बाया तिकून, मानसं इकून. पोरायले मंडपात बसवा. वामन, तू काऊन उभा आहेस? चादरी बदलव!"

मी चादरी बदलवल्या. चहा होईपर्यंत तिन्ही खोल्या झाडून पुसून तयार होत्या. पराते साहेबांच्या मंडळींनी बॅगा आत नेल्या तेव्हा वरांड्यात आमचं गोत रांगेत बसलं होतं, एकदम शिस्तीत, आणि कोणाच्याही तोंडावर राग नव्हता. उलट, शहरातले पाहुणे आले म्हणून सगळ्यांना उत्साह चढला. वड्यांचं ताट आधी त्यांच्याकडे गेलं. तलावावर मासेमारी करणारा दसरू त्यांना आपल्या डोंग्यात बसवून पाण्यावर फिरवून आला. साहेबांची जी बायको गाडीतून उतरत नव्हती, ती डोंग्यातून उतरायला तयार नव्हती. नाटकाच्या मंडपात चुलतमामा पराते साहेबांच्या शेजारी बसले आणि आता काय होणार ते प्रत्येक प्रवेशाच्या आधीच सांगत राहिले. साहेब पहाटेपर्यंत जागचे हलले नाहीत.

एका रात्रीसाठी आलेले ते लोक आणखी एक दिवस राहिले. जाताना साहेब बाईला म्हणाले, "मॅडम, वाघ आम्ही ताडोब्यात पाहिला होता. पण हे असलं काही पाहिलं नव्हतं. पुढचं नाटक कुठल्या गावाला आहे?"

तिथून पुढे गाडी सुटली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने फोटो टाकले. लोक विचारायला लागले की नाटक कधी आहे, डोंगा मिळेल का, वडे करणार ना. बाईने नियम ठरवून टाकला. वरांडा नात्यातल्यांचा, जन्मभर फुकट. खोल्या भाड्याच्या. आणि कोपऱ्यातली, खिडकीतून पाणी दिसणारी चौथी खोली बाईची. नातेवाईकही चलाख, आल्याबरोबर न विचारता वरांड्याकडे वळायला लागले. कोणी भाजी चिरे, कोणी चुलीपाशी बसे, दसरूचा डोंगा तर रिकामा राहीना. होळीपर्यंत घराने स्वतःचा खर्च काढला आणि वर पैसे उरले. ते मी मिथुनला फोन करून सांगितलं. मुद्दाम सांगितलं. मला फार आनंद झाला होता आणि तो कोणावर तरी काढायचा होता.

"मामा, तुम्हीच तर म्हनत होते का आई बुडते म्हणून," मिथुन म्हणाला.

"मी? मी कधीच नाई म्हटलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

जून महिन्यात बाई रिटायर झाली. दवाखान्यात निरोप समारंभ होता. स्टाफने आधीच विचारून ठेवलं होतं, सिस्टर, भेट काय देऊ, साडी का घड्याळ? बाई म्हणाली, "पलंग द्या. सागाचा. मोठा." लोक हसले, पण वर्गणी काढून पलंग केला. मी टेम्पो आणला. त्या पलंगाशेजारी टेम्पोत उभा राहून मी आंबेटोल्यापर्यंत गेलो आणि गावातल्या सगळ्यांनी बघावं म्हणून ड्रायव्हरला हळू चालवायला लावलं. खोलीत पलंग लागला तेव्हा बाई त्याच्या काठावर बसली आणि रडली. मीही रडलो.

त्या दिवाळीनंतर मंडईच्या आदल्या दिवशी मिथुन बायको-पोरांना घेऊन कारने आला. दुपारची वेळ. तो बॅग घेऊन सरळ पहिल्या खोलीकडे निघाला.

"बाबू, थांब," बाई आतून म्हणाली. "ते पराते साहेबायची आहे. संध्याकाळी येऊन राह्यले ते."

"मग दुसरीत ठेवतो."

"ते बी भरली. तिसरी बी."

मिथुनने कोपऱ्यातल्या खोलीकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं आणि सागाचा पलंग दिसत होता. "मग आम्ही कुठी झोपाचं, आई?"

"वरांड्यात सोय केली आहे न तुमची," बाई म्हणाली. "गाद्या चांगल्या आहेत. फक्त सकाळी खोलीतले पाहुणे उठायच्या आधी अंथरूण गुंडाळून ठेवजा."

वरांड्यात आम्ही सगळे बसलो होतो. कोणी हसलं नाही. मिथुनचा चेहरा लाल झाला. मग त्याने बॅग खाली ठेवली, तिच्याजवळ गेला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. बाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "भूक लागली असन. वडे आहेत," ती म्हणाली.

त्याने स्वतःच्या हाताने माझ्या शेजारी गादी अंथरली. चुलतमामांनी सरकून जागा करून दिली. जेवणं झाली, तलावावर ऊन चमकत होतं, दसरू डोंगा पुसत होता. थोड्या वेळाने मिथुनच्या पोरीने विचारलं, आजी कुठे गेली?

मी बोटाने कोपऱ्यातली खोली दाखवली. दार आतून बंद होतं. बाई आपल्या पलंगावर झोपली होती.