सगळे आल्याशिवाय

आमच्या आतोबांइतकी दुसऱ्यांची मतं विचारणारा माणूस सबंध खानदेशात झाला नसेल. इंग्रजी अंमल होता, हुकूम वरून यायचा आणि खाली कुणाला विचारायची पद्धतच नव्हती. आतोबांच्या घरी मात्र वांग्याची भाजी करायची तरी आत्याला, गड्याला, शेजारच्या गुजर पाटलांना, झालंच तर गोठ्यातल्या बैलालाही प्रश्न जाई, "तुम्हनं काय म्हननं शे?" एकदा मिशा ठेवाव्यात की काढाव्यात यावर ते मतं घेत बसले, तेव्हा न्हावी अर्ध्यावर कंटाळून निघून गेला आणि दोन दिवस आतोबा निम्म्या मिशीनिशी गावात हिंडले. आत्या ते दोन दिवस आमच्याकडे येऊन राहिली.

असा माणूस बाजार कमिटीत घेणं ही गावाची चूकच. कापडवाल्या शेटजींनी ठराव मांडला, की बाजार दुपारीच उठवावा, म्हणजे व्यापाऱ्यांना उजेडी शहाद्याला परतता येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सातपुड्यातून मोळ्या घेऊन येणारे भिल्ल गावात पोचायचेच दुपारी. बाजार उठला तर त्यांनी मोळ्या कुणाला विकायच्या आणि मीठ-मिरची कुठून न्यायची?

"त्यास्ले कोनी इचारं का?" आतोबा म्हणाले.

"त्यास्ले काय समजस?" शेटजी हसले.

दुसऱ्याच दिवशी आतोबांनी अख्खी कमिटी बैलगाडीत घालून डोंगराच्या पायथ्याशी नेली. पुढे गाडी चढेना, तेव्हा शेटजींसकट सगळे धापा टाकत पायी भिल्लांच्या पाड्यावर पोचले. तिथल्या एका म्हातारीला आतोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं दाराशी बांधून ठेवलेली मोळी उचलली आणि थेट शेटजींच्या पगडीवर ठेवली. शेटजी दहा पावलं चालले, मटकन खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "डोंगरना लोक उनात की मंगच तराजू टांगा." डोंगरातली माणसं आल्याशिवाय तराजू टांगायचा नाही, हाच नियम झाला, म्हातारीचा मुलगा कमिटीत आला आणि शेटजी वर्षभर मान चोळत राहिले.

आतोबा गेले तेही बाजाराच्याच दिवशी, सकाळी. तयारी झाली, भटजी घाई करू लागले. आतोबांनी कधी निघायचं यावरही सगळ्यांची मतं घेतली असती, असं मनात येऊन मला रडता रडता हसू आलं. तेवढ्यात म्हातारे झालेले शेटजी काठी टेकत पुढे आले.

"थांबा," ते म्हणाले. "डोंगरना लोक आजून उनात नहीत."

त्या दिवशी एकही तराजू टांगला गेला नाही. सगळा बाजार दुपारपर्यंत आमच्या आत्याच्या दारात बसून राहिला.