साडूभाऊंच्या बाटल्या

देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे थोरले साडूभाऊ तिथे हजर असते, तर निम्मी सृष्टी दुरुस्तीसाठी परत गेली असती, याबद्दल आमच्या सासुरवाडीत कोणाचंही दुमत नाही. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून गेली. केसाच्या जाडीइतकी चूक ते नुसत्या नजरेने पकडत, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात, आणि सांगताना अजूनही कपाळाला हात लावतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तर ते ती उजेडाकडे धरून बघतात. कोणी नवा फ्लॅट घेतला, की वास्तुशांतीला जाऊन आधी सगळी दारं उघडून मिटून येतात आणि मग पूजेला बसतात. मला मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात खरी पाहणी माझीच झाली. साडूभाऊंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नाही, हे मला पुढे कळलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी 'पास' छापलेल्या हिरव्या स्टिकरांचा एक रोल आठवण म्हणून मागून घेतला. तो अख्खाच्या अख्खा शिल्लक होता. लाल मात्र केव्हाच संपले होते.

असा माणूस घरी बसला की घराचं काय होतं, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना विचारावं. पहिले दोन महिने त्यांच्या पोळ्यांची पाहणी झाली. तिसऱ्या महिन्यात ताईंनी पोळपाट-लाटणं त्यांच्यापुढे ठेवलं, आणि मग त्यांनी दुसरा छंद शोधला. तो साधा असता तर ते साडूभाऊ कसले? गुलाब, शेवंती हे लोकांचे लाड. यांनी मांसाहारी वनस्पती लावायला घेतल्या, म्हणजे चिलटं-मुंग्या पकडून खाणाऱ्या, आणि त्याही बियांपासून, बाटलीत, टिश्यू कल्चरने. हे काम मोठमोठ्या प्रयोगशाळांतून होतं म्हणे. साडूभाऊंनी ते कॉलेज रोडच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत सुरू केलं. प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याला हात घालण्यापुरती दोन भोकं पाडली, ती झाली त्यांची निर्जंतुक खोली. चायना ग्रास, साखर आणि कसलेसे क्षार उकळून त्याची जेली जॅमच्या बाटल्यांत ओतायची, त्या बाटल्या कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवायच्या, ब्लीचमध्ये धुतलेलं बी त्यावर पेरायचं आणि झाकण लावून ट्यूबलाइटखाली ठेवायचं. पेरणी चालू असताना पंखा बंद, बोलणं बंद, शिंकणाऱ्याने जिन्यात जायचं. एकदा वरण अर्धं शिजलेलं असताना त्यांनी कुकर रिकामा करून घेतला, तेव्हा ताई मला शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या साडूंच्या बाटल्यांचं शिजलं की मग आपलं."

या झाडांना नळाचं पाणी सोसत नाही. म्हणून साडूभाऊंनी सोसायटीतल्या प्रत्येक एसीच्या नळीखाली बादली लावली. उन्हाळा लांबावा अशी इच्छा धरणारा नाशकातला मी पाहिलेला हा एकमेव माणूस. खालच्या मजल्यावरच्या बाई काटकसर करून एसी बंद ठेवू लागल्या, तर हे त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "वहिनी, जिवाला किती त्रास करून घ्याल? लावा एसी." ताईंचा चातुर्मास कडक. बाजारातून तयार आणलेल्या याच जातीच्या झाडांच्या दोन मोठ्या कुंड्या बघून त्या म्हणाल्या, श्रावणात तरी माझ्या घरात जीवहत्या नको. साडूभाऊंनी वाद घातला नाही. श्रावणभर कुंड्यांवर मच्छरदाणी टाकली आणि महिन्याच्या शेवटी वहीत नोंद केली, 'उपासाने प्रकृतीस अपाय नाही.'

इथवर सगळी गंमत होती. मग एके दिवशी सुरगाण्याकडचे मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणतात; ते साडूभाऊंच्याच कारखान्यात लेथवर होते. त्यांनी केलेला माल साडूभाऊंनी आयुष्यभर परत पाठवला आणि त्यातूनच दोघांची मैत्री झाली. मामांनी खिशातून चुन्याची डबी काढली. आत कागदाच्या पुडीत तपकिरीसारखं काही होतं. त्यांच्या गावच्या कातळावर पावसाळ्यात तांबडं, चिकट, रुपयाएवढं रोप उगवायचं, त्याचं हे बी. तो कातळ खडीसाठी फोडला गेला आणि रोपं संपली. फोडण्याआधी मामांनी हे चिमूटभर बी वेचून ठेवलं होतं.

"गुरं वळताना पालथा पडून बघायचो मी ते. चिलट बसलं की बोटं मिटावी तसं मिटायचं," मामा म्हणाले. "माझ्या शेताच्या वरच्या अंगाला कातळाचा एक तुकडा राहिलाय, साहेब. तिथं परत लावून द्या."

"नाव काय त्याचं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"गुरं खात नाय, माणूस खात नाय. त्याला कशाला कोण नाव देतंय?"

पुस्तकात त्याला दवबिंदू म्हणतात, हे साडूभाऊंनी मग त्यांना सांगितलं. मामांनी मान हलवली, पण ते नाव काही घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "दुसरं बी कुठंच नाय, बरं का."

साडूभाऊंनी त्या चिमटीचे सहा भाग केले आणि एकेक भाग एकेका बाटलीत पेरायला घेतला. पहिली बाटली बुरशीने गेली. दुसरीही गेली. तिसरीत काळी बुरशी आली, तेव्हा त्यांनी ब्लीच बदललं. चौथीला कुकरची शिट्टी बदलली. दोष काय आहे ते आम्हां सगळ्यांना दिसत होतं. बी रुजायला तीन-चार आठवडे लागतात, आणि हे गृहस्थ दर दोन दिवसांनी झाकण उघडून आत बघत. उघडलं की हवा आत, हवेबरोबर बुरशी. ताई म्हणाल्या, "अहो, अति तिथे माती." त्यावर ते म्हणाले, "यात माती नसतेच." न तपासता ठेवायचं हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर त्यावर दोन-चार विनोदही करून घेतले.

पाचव्या बाटलीच्या वेळी मी तिथे होतो. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवली, डोळ्यांजवळ नेली, मग झाकण काढून जवळजवळ नाक आत घातलं. "उगवण शून्य," ते म्हणाले आणि वहीत लिहू लागले. मी बाटली हातात घेतली. जेलीवर मोहरीहूनही बारीक हिरवे ठिपके होते, सात-आठ तरी. काचेबाहेरून सहज दिसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते वहीच्या कागदाला नाक लावून लिहीत होते आणि ओळ खाली घसरत चालली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस संशयाने झाकण उघडत नव्हता. त्याला काचेतून दिसतच नव्हतं, आणि केसाएवढी चूक पकडणाऱ्याने हे कोणाला सांगायचं कसं? मला माझ्या विनोदांची लाज वाटली. त्यांच्या नकळत मी स्वयंपाकघरात जाऊन ताईंना सांगितलं. तीन दिवसांनी ते हिरवे ठिपकेही बुरशीखाली गेले.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, आणि चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, इतके दिवस काय करत होतात?" साडूभाऊ म्हणाले, "अंदाजाने चालवत होतो." आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. वाकायचं नाही, धूळ नको, काळा चष्मा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी सहावी बाटली पेरली. ती शेवटची होती. ताईंनी ती ट्यूबखालच्या फळीवर ठेवली आणि बाल्कनीच्या दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. ती उतरली थेट जूनमध्ये.

त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको मुद्दाम गेलो होतो. साडूभाऊंनी बाटली हातात घेतली, काळा चष्मा काढला आणि काचेतून बघितलं. झाकणाला हात लावला नाही. आत तांबूस-हिरवी चिमुकली रोपं दाटीने उभी होती आणि प्रत्येक केसाच्या टोकावर एक थेंब होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग कपाटातून तो हिरवा रोल काढला, पहिलं स्टिकर सोलून बाटलीवर चिकटवलं आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही खिडकीबाहेर बघत होतो.

भाद्रपदात ती रोपं ताटलीत बसून सुरगाण्याला गेली. जीपमध्ये माझ्यासाठी जागा धरली होती. मी ऑफिसचं कारण सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा केला, आणि त्याची चुटपुट अजून लागते. साडूभाऊ सांगतात की मामा कातळावर पालथे पडले, पहिलं चिलट बसेपर्यंत उठले नाहीत आणि मग म्हणाले, "मिटलं, साहेब." दिवाळीनंतर ही रोपं मरतातच. बी तिथेच पडतं, आणि पुढच्या पावसात ते उगवेल की नाही हे कोणालाही तपासता येत नाही. साडूभाऊंनी ते वर्ष कसं काढलं असेल, देव जाणे.

परवा मामांचा फोन आला. "कातळावर कायतरी तांबडं हाय, पण माझ्याच डोळ्याला आता नीट दिसंना. तुम्ही येऊन बघा." साडूभाऊंनी लगेच पिशवी भरली. भिंग घेतलं, हिरवा रोल घेतला, आणि स्वतःचा काळा चष्मा मामांसाठी रुमालात गुंडाळून ठेवला. मामांना परतीच्या जीपमध्ये घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणायचं ठरलं आहे. उद्या पहाटे निघायचं आहे. या वेळी मी ऑफिसात आधीच रजा टाकली आहे.