टाळूची शिवण पाहणाऱ्या ताई

तोंडाच्या आत डोकावल्याशिवाय माणसाशी ओळख झाली असं न मानणारी अख्ख्या उलव्यात एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी थोरली नणंद. ताई वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर. दवाखाना संध्याकाळी बंद होतो, ताई होत नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचा चेहरा उभा वाढलाय की आडवा, लहानपणी कोण तोंडाने श्वास घेत होतं, हे त्या वाण हातात घेता घेता सांगतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनसाहेबांना जांभई आली, तर ताई म्हणाल्या, "तसेच थांबा जरा." ते बिचारे थांबले, आणि तेवढ्यात पाण्याच्या टाकीचा ठराव विनाविरोध मंजूर झाला. जासईहून येणारी मासेवाली तर एकदा वैतागून म्हणाली, "बाय, पापलेट बघ, माजा तोंड काय बघतंस?"

माझ्या मुलीच्या आठव्या वर्षापासून ताई मागे लागल्या होत्या. तोंडातला वरचा टाळू दोन भागांचा असतो, मधे शिवण असते, ती वयाबरोबर घट्ट होत जाते, तेव्हा आत्ताच आणा. आम्ही नेहमीसारखे हसलो. पंधराव्या वर्षी मुलीचे वरचे दात एकमेकांवर चढले होते आणि ती तोंडावर हात धरून हसायला लागली होती. ताईंना तोंड कसं दाखवायचं म्हणून मी तिला दुसरीकडे नेलं. तिथे सांगितलं, आता उशीर झाला, ऑपरेशनच करावं लागेल.

मग मान खाली घालून ताईंकडेच गेलो. त्या एक शब्द लागट बोलल्या नाहीत. "वयाचं मला सांगू नकोस, शिवण बघू," म्हणाल्या. स्कॅन आला. पडद्याला नाक लावून त्यांनी शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "पूर्ण मिटलेली नाही. पण जमेलच असंही नाही. पंधरा दिवस बघू."

टाळू रुंद करून दातांना जागा करणारं एक छोटं यंत्र बसलं. त्यातला स्क्रू मी रोज बारीक चावीने थोडा फिरवायचा. पोरीचं नाक ठणकायचं, आणि आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी ती आरशासमोर रडत होती. पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली होती. "आई, हे तर आणखी वाईट झालं."

मी ताईंना फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्या ॲप्रनसकट रिक्षातून दारात. "रडतेस काय, वेडे? शिवण उघडली," म्हणाल्या आणि स्वतःच डोळे पुसू लागल्या.

ती फट पुढे भरून आली. मग दातांना तारा बसल्या; त्या निघाल्या त्या दिवशी सगळ्यांचे फोटो झाले. ताई मात्र नेहमीप्रमाणे ओठ घट्ट मिटून उभ्या. मी विचारलं, "ताई, तुम्ही स्वतःचं का नाही केलंत?"

"आमच्या लहानपणी कोण बघणार? मी शिकून माझी शिवण पाहिली तेव्हा ती पार मिटली होती. ऑपरेशन करता आलं असतं, पण आई आजारी पडली. मग राहिलंच."

मुलीने मोबाईल पुन्हा वर धरला. "आत्या, एकदा हस ना नीट."

ताई जरा अवघडल्या, मग हसल्या. ओठ उघडून, सगळे वाकडे दात दिसतील असं. फोटो थोडा हललाय. आम्ही तोच फ्रेम करून घेतला.