वेगळी बादली

वाशीच्या मसाला बाजारात नवा माणूस आला की पहिले आठ दिवस तो शिंकतो, पुढचे आठ दिवस खोकतो, आणि महिन्याभरात एक तर टिकतो नाहीतर कांदा-बटाट्याकडं काम मागायला जातो. भैरू टिकलेल्यांतला. बाजार मुंबईत होता तेव्हापासून तो मिरचीची पोती पाठीवर घेत होता, आणि बाजार खाडीच्या अलीकडं आला तसा तोही बिऱ्हाड घेऊन कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आला. टोळीतली माणसं म्हणायची, भैरूच्या डोळ्यांत लवंगीची पूड टाका, पाणी यायचं नाही. हे ऐकलं की तो मान खाली घालून हसायचा. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो. कुणाला जमिनीचा असतो, कुणाला पोराच्या मार्कांचा. भैरूला आपल्या कातडीचा होता.

बोलण्याच्या बाबतीत मात्र तो भलताच चिकट. पाटण तालुक्यातल्या त्याच्या गावात अशी माणसं ढिगानं आहेत, पण त्यांच्यातही तो उठून दिसला असता. पोतं उचलायला सांगा, दोन उचलेल. दोन शब्द सांगायचे म्हटले की घामाघूम व्हायचा. मुकादमाला रजा मागायची तरी आदल्या दिवसापासून तो वाक्य घोकत बसायचा.

घरी मात्र त्याला बोलावं लागत नसे, कारण तिथं राजनंदिनी होती. पाच वर्षांची, एकुलती एक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. संध्याकाळी भैरू आला की ती धावत यायची आणि तो बाजारातल्या कपड्यांनिशीच उंबऱ्यात बसायचा. ती त्याच्या मांडीवर, पुढ्यात चहाची बशी आणि त्यात बुडवायला बटर. मग त्यांचा एक खेळ असायचा. ती त्याच्या सदऱ्यात नाक खुपसायची आणि शिंका मोजायची. सात हा तिचा उच्चांक होता. तो तिनं बालवाडीच्या बाईंनाही सांगून ठेवला होता.

भैरूची बायको जयमाला हे स्वैपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून बघायची. तिला दुसरी काळजी होती, पाण्याची. त्यांच्या बिल्डिंगीला सकाळी तासभर पाणी यायचं, ते पुढल्या सकाळपर्यंत पुरवायचं. पोर लहान होती तोवर तिचे कपडे जयमालानं रीतीप्रमाणं वेगळे धुतले. पण दिवाळीनंतर राजनंदिनी बालवाडीत जायला लागली, मोठी झाली, तेव्हा तिचे फ्रॉक आणि चड्ड्याही सगळ्यांच्या टबात आल्या. संध्याकाळी टबात एकदाच साबणाचं पाणी करून सगळे कपडे भिजवायचे, सकाळी नळ आला की पिळून टाकायचे. शेजारणीसुद्धा तेच करायच्या. कपडे पिळताना कधीकधी तिचे तळवे चुरचुरायचे. साबण जहाल निघाला, असं म्हणून ती पुढच्या महिन्यात वडी बदलायची.

जानेवारीत नव्या मिरचीचे ट्रक लागले. आणि जानेवारीच्या शेवटाला राजनंदिनीचं दुखणं सुरू झालं.

आधी ती नुसती वरचेवर शू लागली म्हणायची. जाऊन बसायची, दोन थेंब व्हायचे, परत यायची, आणि चहा गाळून होईपर्यंत पुन्हा उठायची. मग म्हणायला लागली, जळतंय. कुठं, म्हणून विचारलं तर नीट सांगता येईना. पोटाखाली हात धरून उभी राहायची, पाय आवळायची. बालवाडीच्या बाईंनी निरोप धाडला की मुलगी वर्गात बसतच नाही.

सेक्टरातल्या डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, काही निघालं नाही. आठवड्यानं पुन्हा पाठवली, तरी स्वच्छ. सोनोग्राफी करून झाली, तीही उत्तम. शेवटी त्या म्हणाल्या की कधीकधी लहान मुलांत असं होतं आणि कारण सापडत नाही. पाणी भरपूर पाजा, रागावू नका, आपोआप जाईल. औषध न देणारा डॉक्टर आपल्याकडं फार काळ कुणाला पटत नाही. जयमालानं रिपोर्ट पिशवीत घातले आणि शेजारणींचं ऐकायला घेतलं. पोरीला उन्हाळी लागलीय, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, मग धन्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, पोटावर ओल्या फडक्याच्या घड्या झाल्या, आणि कुणाची नजर नको म्हणून मीठमिरच्याही उतरवून झाल्या. धने-जिरे भैरू बाजारातून निवडून आणायचा, पहिल्या प्रतीचे. त्याच्या हातून एवढंच होत होतं. पोर संडासाच्या दारात रडत उभी राहिली की तो खाली जाऊन बिल्डिंगीला दोन फेऱ्या मारून यायचा. ते रडणं त्याला ऐकवत नसे.

दोन महिने असे गेले. जयमालाचाही धीर सुटत चालला. एकदा पाहुणे जेवायला बसले असताना पोर पाचव्यांदा उठली, तेव्हा तिनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग स्वतःच मोरीत जाऊन रडली. भैरूनं ते पाहिलं. मनात कुठंतरी त्यानं ते लिहून ठेवलं.

एप्रिलमध्ये गावची यात्रा होती. भैरूची आई चांगुणाबाई मुंबईला आली होती, ती नातीला घेऊन पुढं गेली. आठ दिवसांनी गावच्या दुकानातल्या फोनवरून तिनं कळवलं की पोरीला काहीसुद्धा होत नाही. ओढ्यावर खेळती, भाकरी खाती, एकदाही जळतंय म्हणाली नाही. तीन आठवडे हेच. भैरूनं टोळीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आजी नातीला परत घेऊन आली. संध्याकाळी राजनंदिनी बापाच्या मांडीवर बसली, सदऱ्यात नाक खुपसून शिंकली, सात झाल्या, आठवी थोडक्यात हुकली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोट धरून संडासाच्या दारात उभी होती.

चांगुणाबाईनं दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं निकाल दिला. "पोरीला हितलं मानवत न्हाई. ऐतवारी मी जाती, तिला घिऊन जाती. शाळा काय गावाला न्हाई व्हय?" एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण सासूपण तिच्यात मुरलेलं होतं. मला कोडं पडतं, असं ती भिंतीकडं बघून म्हणाली, की आजीपाशी जे दुखत नाही ते आईपाशी कसं दुखतं.

जयमाला भांडी घासत होती, तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. भैरूनं तिच्या बाजूनं एक शब्द काढायला हवा होता. त्यानं काढला नाही, कारण त्याला तो धपाटा आठवला. नऊ वर्षं वाट पाहून झालेली पोर आता सुट्टीपुरती दिसणार, आणि ती कुणामुळं चालली हे वसाहतीत आणि गावात सगळे बोलणार, हे त्या खोलीतल्या तिन्ही मोठ्या माणसांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी जयमालानं पोरीचे फ्रॉक पिशवीत भरायला घेतले.

शनिवारी भैरू कामाला गेला. ज्या गाळ्यावर त्याची टोळी होती, तिथंच मागल्या सावलीत दहाबारा बायका मिरचीचे देठ खुडत बसायच्या. बहुतेक आसपासच्या खाडीकाठच्या गावांतल्या. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, मग ज्यांना घरी बसवत नव्हतं त्या इकडं आल्या. त्यांच्यातली राहीबाई वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. गेली चार वर्षं भैरू तिच्या पुढ्यात पोती रिकामी करत होता. इतक्या वर्षांत दोघांत जे बोलणं झालं ते पोत्याबद्दल.

दुपारी बायका जेवायला उठल्या. रोजच्यासारखं त्यांनी आधी हाताला तेल चोळलं, मग साबण लावला. कामापुरतं साडीवरून गुंडाळलेलं जुनं लुगडं सोडून झटकलं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पिशवीला गाठ मारली. हे तो चार वर्षं पाहत आला होता. बायकांची नखरे करायची रीत, असं तो समजत होता. आज मात्र तो पाहत उभा राहिला. पिशवीला एवढी गाठ कशाला, हे त्याच्या डोक्यात आलं आणि जाईना.

तो राहीबाईजवळ गेला. पोरीच्या त्या जागेचं दुखणं परक्या बाईला सांगायचं, या कल्पनेनंच त्याचे कान तापले. चार महिने त्यानं टोळीतल्या माणसांनाही पोरीला ताप आहे असंच सांगितलं होतं. पण उद्या रविवार होता. "मावशी," तो म्हणाला, "आमच्या पोरीला उन्हाळी लागलीय." आणि मग बांध फुटल्यासारखा सगळं बोलून गेला. डॉक्टरीणबाई, धने-जिरे, गाव, परत आल्यावरचा तिसरा दिवस, सगळं. एवढं तो लग्नातही बोलला नव्हता.

राहीबाईला लाजबीज काही वाटली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता दोनच गोष्टी विचारल्या.

"हेच कपडे घालून पोरीला मांडीवर घेतंस काय? आनि तिच्या चड्ड्या तुझ्या कपड्यांत भिजत घालतात?"

भैरूनं दोन्ही वेळा मान डोलावली.

"मंग," राहीबाई म्हणाली, "मिरची तुला वलखते. तुझ्या पोरीला कशी वलखल?"

ती या कामाला लागली त्या पहिल्या वर्षी तिच्या नातीलाही असंच झालं होतं. इथल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण नव्या बाईला पहिल्या दिवशी तेल आणि पिशवी दाखवली जायची. तुम्हा बाप्यांना का नाही सांगितलं म्हणशील, तर तुम्ही कधी विचारलंत, असं म्हणून ती भाकरी खायला लागली.

भैरू उरलेला दिवस पोती वाहत राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्यावर शरम चढून बसली. चार महिने तो पोरीच्या रडण्यापासून पळत होता आणि रोज संध्याकाळी तेच दुखणं अंगावर घेऊन तिच्याकडं परत येत होता. आणि मनात दोष लावला होता तो जयमालाला.

संध्याकाळी राजनंदिनी नेहमीसारखी धावत आली. त्यानं दोन्ही हात पुढं करून तिला तीन पावलांवर थांबवलं. ती थबकली. बाप रागावला असं वाटून तिचा ओठ बाहेर आला. त्यानं जयमालाला हाक मारली आणि वेगळी बादली मागितली. ती दारात आली, तिच्यामागं चांगुणाबाई आली. मग आयुष्यात पहिल्यांदा भैरू आईसमोर उभा राहून सलग बोलला. टब, मांडी, राहीबाई, तेल, सगळं सांगितलं.

चांगुणाबाई सहजासहजी हरणारी नव्हती. "कपडे तर तीच भिजवती न्हवं?"

"कपडे माझे हैत, आये," भैरू म्हणाला. "तिची काय चूक न्हाई. माझ्यामुळंच पोर रडली."

जयमाला आत गेली. तिनं पिशवीतले फ्रॉक काढून पुन्हा खुंटीला लावले, आणि मग ते सगळे उतरवून नव्या पाण्यात घातले. पाण्याची चिंता तिनं त्या दिवशी केली नाही.

चांगुणाबाईनं जाणं आठ दिवस पुढं ढकललं, निकाल बघायला. सहाव्या दिवशी राजनंदिनी दुपारभर जिन्यात ठिकऱ्या खेळली आणि एकदाच वर आली. रविवारी म्हातारी एकटीच एसटीत बसली. सुनेची माफी वगैरे तिनं मागितली नाही, पण जाताना आपली लोणच्याची बरणी मागं ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तेच असेल असं ठामपणे सांगता येत नाही, म्हणाल्या. आणि कागदावर काहीतरी लिहून ठेवलं.

त्यानंतर भैरू राहीबाईसारखी गाठ मारलेली पिशवी घेऊन बाजारातून निघायला लागला. टोळीनं चार दिवस चेष्टा केली. मग ज्यांच्या घरी लहान पोरं होती त्यांच्याही हातात पिशव्या आल्या. आल्या आल्या तो मोरीत जायचा, तेल, साबण, अंघोळ, धुतलेला सदरा, आणि मगच उंबऱ्यात बसायचा. राजनंदिनी आता धावत येत नसे. ती चालत यायची, त्याचा हात उलटासुलटा करून हुंगायची, व्यापारी नमुना हुंगतात तसा, मानेपाशी नाक न्यायची, आणि शिंक आली नाही की मांडीवर बसायची. सात शिंकांचा खेळ बंद झाला होता.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ती अशीच आली. तीन दिवस तिचं नाक वाहत होतं, सकाळी जयमालानं तिच्या छातीला वेखंड लावलं होतं. तिनं बापाचा हात हुंगला आणि तिला एक शिंक आली. ती एक पाऊल मागं सरकली आणि हात मागं बांधून त्याच्याकडं बघत उभी राहिली.

सर्दी आहे, हे भैरूला ठाऊक होतं. जयमालालाही ठाऊक होतं. तो उठला आणि पुन्हा अंघोळीला मोरीकडं वळला. जयमालानं पिंपात डोकावून पाहिलं, सकाळपर्यंत पुरवायचं पाणी जेमतेम अर्धं होतं. तिनं त्यातलं दुसरी बादली भरून मोरीत ठेवलं.