सगळ्याच पहिल्या

माझ्या नातीला दोन्ही हात नाहीत. पाय मारत ती तलावाच्या टोकाला आली आणि भिंतीला डोकं टेकवून तिने शर्यत संपवली. हात नसलेल्यांच्या शर्यतीत तसाच नियम आहे. शेजारची बाई च्च च्च करत होती. मी म्हटलं, "अहो, पहिली आलीय ती, मेली नाही."

मग बक्षीस द्यायला आलेले पाहुणे माईकवर म्हणाले, "आज इथे कुणीच हरलं नाही, सगळ्याच पहिल्या!" आणि प्रत्येकीच्या गळ्यात सारखंच पदक घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धडधाकट पोरांच्या शर्यतीत असं करून बघा, आईबाप मांडव डोक्यावर घेतील. कीव आली की माणसांना निकालसुद्धा बघवत नाही.

नातीच्या मागून आलेली पोर पाहुण्यांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, हे काढा. मी दुसरी आलेय. मला माझं द्या."