‘क’ची बाटली

क्रेमेनाच्या स्वयंपाकघरात खिडकीशी, भोपळी मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्यांना खेटून, काचेच्या चार बाटल्या दिव्याखाली ठेवलेल्या होत्या. त्यात हिरवं पाणी होतं. तिच्या संशोधन संस्थेचा बॉयलर ऐन जानेवारीत बंद पडला आणि प्रयोगशाळेत बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, तेव्हा तिने त्या कोटात गुंडाळल्या, बसमध्ये मांडीवर धरल्या आणि प्लोवदिव शहरातल्या या चौथ्या मजल्यावर आणल्या.

“लोकांच्या बायका मांजर पाळतात,” तिचा नवरा झिवको म्हणाला. “आमच्याकडे शेवाळ.”

“मांजराला खायला घालावं लागतं. हे उजेडावर जगतं. हात लावू नकोस म्हणजे झालं.”

शेवाळ तिच्या घराण्यातच होतं म्हणायचं. वडील लिपित्सा गावच्या धरणावर मासे राखायचे. पाणी हिरवट दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, कारण शेवाळावर पाण्यातले बारीक किडे जगतात आणि किड्यांवर माशांची पिलं. पाणी नितळ झालं की ते दिवसभर कुणाशी बोलत नसत. क्रेमेना त्याच हिरव्या पाण्याचं शास्त्र शिकली. चाळिशी उलटली तरी नोकरी वर्षावर्षाच्या करारावरच होती, पण तिचं कामावरून मन उडालं नव्हतं.

धरणाच्या वरच्या अंगाला द्राक्षांचे मळे आहेत. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी वेलींवर मारायचं हे तिथे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. यंदा मळेवाल्यांच्या सहकारी संस्थेला नवी फवारणी हवी होती. कॉपर ऑक्साइडचे नॅनो कण, इतके बारीक की पिशवीभर मोरचुदाचं काम मूठभर पूड करते, असं विकणारा सांगून गेला होता. पावसाने पानं धुतली की ती पूड उतरणार धरणातच. फवारणी घ्यायची की नाही हे फेब्रुवारीत, द्राक्षमळ्यांचा रखवाला संत त्रिफोन याच्या दिवशी, वेलींची छाटणी झाली की गावच्या सभेत ठरायचं होतं. त्याआधी ही पूड शेवाळाचं काय करते ते क्रेमेनाला दाखवायचं होतं. तीन बाटल्यांत तिने पूड घातली होती, थोडी, जरा जास्त आणि बरीच. चौथीत काहीच नाही. ती कंट्रोल, म्हणजे बाकीच्या तिघींची जिच्याशी तुलना करायची ती. तिच्यावर फक्त ‘क’ लिहिलं होतं.

आणि नेमकी तीच मेली.

थोडी पूड घातलेली बाटली हिरवीगार, आणि कंट्रोल धुवून काढल्यासारखी फिकट. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी फुटलेल्या. क्रेमेनाने प्रोफेसर दोबरेव यांना आकडे दाखवले.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “तुझ्या हिशोबाने तांबं न घालणं हेच शेवाळाला घातक आहे.”

“सर, चेष्टा नको. काहीतरी बिघडलंय.”

“मग बिघडलंय ते शोध. असलं काही घेऊन गावात गेलीस तर ते अजून दोन पोती जास्त मागवतील.”

तिने सगळं पुन्हा मांडलं. बाटल्या उकळल्या, साबण बदलला, बुचं बदलली, झिवकोला सिगारेट ओढायला जिन्यात पाठवलं. तो कुडकुडत म्हणाला, “कुणाच्या प्रकृतीसाठी हे? शेवाळाच्या?” काही उपयोग झाला नाही. ‘क’ परत फिकट पडली. तिला रडूच आलं असतं, पण सासूबाई शेजारीच बीन्स निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी लगेच कारण विचारलं असतं.

त्यानंतर एका सकाळी रस्त्यावर बर्फ गोठून बस आलीच नाही. क्रेमेना पाय आपटत घरी परतली. स्वयंपाकघराच्या दारातच ती थबकली. सासूबाई, पेनाबाई, डोक्याला काळा रुमाल बांधून खिडकीशी उभ्या होत्या. एका हातात देव्हाऱ्यातलं तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात लाकडी चमचा, आणि चमचा ‘क’च्या तोंडाशी.

“आई! काय करताय?”

“ओरडू नकोस, सांडेल.”

“काय घालताय त्यात?”

“तीर्थ. योर्दानच्या सणाला चर्चमधून आणलेलं. दुसरं काय घालणार? विष?”

“कधीपासून?”

“आणल्यास तेव्हापासून. तू बाहेर पडलीस की रोज एक चमचा.”

“चारही बाटल्यांत?”

“बाकीच्यांशी मला काय करायचंय? तुझ्या बाटलीत.”

“माझ्या?”

“क लिहिलंय ना. क्रेमेना. मला वाचता येतं हं! बिचारी सुकत चाललीय, तू तोंड पाडून बसतेस. म्हटलं, देवाच्या कानावर घालावं.”

“आई, क माझा नाही! कंट्रोलचा!”

“कोण हा कंट्रोल?”

क्रेमेना मटकन स्टुलावर बसली. हसावं की भांडावं तिला कळेना. दोन्ही गिळून तिने भांडं मागून घेतलं, आत वाकून पाहिलं. तुळशीची काडी लाल दोऱ्याने बांधलेली, पाणी स्वच्छ, पण तळाची कल्हई पार उडालेली. लालभडक तांबं उघडं पडलं होतं. कल्हईवाला त्या भागात यायचा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.

पेनाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणजे... देवाच्या पाण्याने मेलं ते?”

आत्ता क्रेमेनाने रागाच्या भरात “हो” म्हटलं असतं तर ती म्हातारी देव्हाऱ्यासमोर पुन्हा ताठ मानेने उभी राहिली नसती. देवानेच तिच्या जिभेला आवर घातला.

“पाण्याने नाही, आई. पाणी चांगलंच आहे. भांड्याची कल्हई गेलीय, तांबं उतरलं पाण्यात.”

“अगं, आपण सगळे घोट घेतो त्यातला!”

“माणसाला घोटभराने काही होत नाही. शेवाळ म्हणजे एवढीशी एक पेशी.”

“पण एवढ्याशा तांब्याने?”

“एवढ्याशाच!” क्रेमेनाचा आवाज चढला. “तेच तर मी महिनाभर सगळ्यांना सांगतेय!”

तिने तडक दोबरेवना फोन लावला. ते पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. “भांड्यातलं तांबं विरघळलेलं. आपला प्रश्न कणांचा.”

“कणही थोडे विरघळतातच, सर.”

“धरणाच्या पाण्यात किती? मोजलंस? नाही ना. मग सभेत सांग, थंडीने गोठलं.”

“गोठलं नाही.”

“मग जा आणि हसं करून घे.”

ती लिपित्साला गेली. मळ्यात छाटणी झाली होती, रिवाजाप्रमाणे कापलेल्या वेलींच्या बुडाशी वाइन ओतून झाली होती, आणि बरीचशी गड्यांच्या पोटातही गेली होती. सहकारी संस्थेचा अध्यक्ष डोक्यावर वेलीचा मुकुट घालून बसला होता. क्रेमेनाने खरं तेच सांगितलं, की तुलनेची बाटली बिघडली, सासूबाईंनी तिच्यात तीर्थ घातलं, निकाल नाही. उन्हाळ्यापर्यंत थांबा, मी पुन्हा करते.

“तीर्थ?” अध्यक्ष मांडीवर थाप मारून म्हणाला. “मग पाद्रीबुवांना सांगून पुडीवरही शिंपडून घेऊ. बिनघोर होईल!”

“भांड्यातल्या तांब्यानेच मेलंय शेवाळ! हसताय काय?”

“बाई, तुम्हीच म्हणालात ना, निकाल नाही?”

सगळे हात वर गेले. फवारणी मंजूर. कुणीतरी तिच्या हातात वाइनचा पेला दिला, “वडिलांच्या नावाने घे गं, पोरी.” तिने तो धरणाकडे तोंड करून हातातच धरून ठेवला. पाणी अजून हिरवट होतं. एप्रिलमध्ये फवारणी सुरू झाल्यावर कसं दिसेल, देव जाणे.

घरी आली तर देव्हाऱ्यात काचेची बरणी होती. तांब्याचं भांडं ओट्यावर पालथं पडलं होतं. त्यातलं तीर्थ पेनाबाईंनी इमारतीमागच्या गुलाबाच्या बुडाशी ओतलं होतं, जिथे कुणाचा पाय पडत नाही.

क्रेमेनाने कोट काढला आणि न जेवताच चार बाटल्या नव्याने भरल्या. पेनाबाई दारात, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

“आता कुठल्या बाटलीकडे बघायचं नाही, ते सांगून ठेव.”

“बघा की सगळ्यांकडे. पण जे कराल ते चौघींना सारखं. एकीला कमी नाही, एकीला जास्त नाही. प्रयोग म्हणजे तेवढंच असतं, आई.”

“आणि प्रार्थना केली तर?”

“तीही चौघींसाठी.”

पेनाबाई पुढे आल्या. एकेका बाटलीवर लांबूनच क्रूस काढत गेल्या. ‘क’पाशी हात जरा रेंगाळला.

“आई!”

“काही केलं नाही गं. हात दुखतो.”