एर्लिंडाने ट्रकचं छत उतरवलं

एस्पान्योलाच्या खोऱ्यात एखाद्याला "तुझी गाडी जरा उंच दिसतेय" असं म्हटलं, तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नाही. इथे गाडी जमिनीला टेकायच्या बेतात असावी, रस्त्यावरून डुलत डुलत जावी आणि बघणाऱ्याने हातातलं काम टाकून दारात यावं. अशा गावात फिलिबर्तो ऊर्फ बेर्तो लुसेरोचा पन्नास सालचा शेवरोले ट्रक वर्षानुवर्षं अंगणातल्या जर्दाळूखाली अर्धवट पडून होता, आणि त्याची बायको एर्लिंडा कपडे वाळत घालायला जाताना रोज त्याला वळसा घालत होती.

खालून ट्रक पुरा होता. मागची चौकट कापून बेर्तोने कमानीसारखी वर घेतली होती, पुढच्या चाकांना खाली वाकवलेला आस बसवला होता, ट्रकचं पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर आणलं होतं. राहिलं होतं ते डोकं. केबिनचे खांब कापायचे आणि छत चार इंच खाली बसवायचं. मग काचा चिंचोळ्या होतात आणि ट्रक डोळे बारीक करून बघतोय असं वाटतं. नवी रेघ कुठे येईल ते कळावं म्हणून बेर्तोने काचांवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. उन्हाने ती पट्टी काचेशी एकजीव झाली, पण गड्याची करवत काही चालेना. लांबून बघायचा, मान हलवायचा, आत जाऊन बीन्स खायचा. छत एकदा कापलं की कापलं. चुकलं तर भंगार, आणि ट्रक वडिलांचा.

मग बेर्तोचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं. एर्लिंडाने ते नाव घरात कुणाला घेऊ दिलं नाही.

एका दुपारी ओनोफ्रे जेवायला आला. बेर्तोचा कोम्पाद्रे, म्हणजे लुसेरोंच्या पोरीला बाप्तिस्म्याला चर्चमध्ये मांडीवर घेतलेला, घरातलाच माणूस; एर्लिंडाला तो कोमाद्रे म्हणायचा. हिरव्या मिरचीचा रस्सा वाढून झाला तशी बेर्तोने चमचा खाली ठेवला.

"कोम्पाद्रे, ट्रक तुम्ही घेऊन जा. माझ्याच्याने आता होत नाही."

ओनोफ्रेचा घास हातातच राहिला. त्याचा त्या ट्रकवर डोळा होता हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण असा मिळालेला त्यालाही नको होता.

"मी कापते," शेगडीपाशी तोर्तिया उलटता उलटता एर्लिंडा म्हणाली.

"काय कापतेस?"

"छत."

दोघेही हसले. एर्लिंडा शिवणकाम करायची. खोऱ्यातल्या निम्म्या पोरी पंधरा वर्षांच्या झाल्या त्या तिच्या हातचे घेरदार झगे घालून.

"अगं म्हातारे, तो मखमलीचा तागा नाही."

"ठाऊक आहे. मखमल महाग असते."

ओनोफ्रेने तोंड पुसलं. "कोमाद्रे, जत्रेच्या रविवारपर्यंत मी थांबतो. ट्रक रस्त्यावर आला तर तुमचा. नाहीतर सोमवारी माझा ट्रेलर तुमच्या दारात."

"ट्रेलर धुऊन ठेवा," एर्लिंडा म्हणाली. "रिकामा जायचाय, पण स्वच्छ जाऊ दे."

तिला वेल्डिंगचं ओ की ठो कळत नव्हतं. मागच्या अंगणात जुन्या फ्रिजचा दरवाजा आडवा टाकून तिने सराव सुरू केला. बेर्तो खुर्ची घेऊन शेजारी बसायचा, हात काखेत दाबून, म्हणजे थरथर दिसायला नको.

"एका जागी थांबू नकोस, भोक पडेल."

"पडलं."

"दिसलं मला. पुढे सरक."

पहिल्या आठवड्यात दरवाजाची चाळण झाली. पण नंतर एका सकाळी ठिणग्या एका लयीत उडायला लागल्या, पत्र्यावर सरळ शिवण उमटली, आणि एर्लिंडाने मुखवटा वर करून नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं सोळाव्या वर्षी नाचाच्या हॉलमध्ये पाहिलं होतं. बाईला नादच लागला. शेगडीवर बीन्स करपायचे, एका नवरीचा झगा बाह्यांवाचून टांगलेला राहिला, आणि नवरीची आई रोज येऊन "बाह्या कधी?" विचारून जायची. आपण इतक्या खूश आहोत याची एर्लिंडाला थोडी लाजच वाटत होती. घरात दुखणं आहे आणि आपल्याला मात्र उठल्याबरोबर पत्रा कापायचा ग्राइंडर आठवतो!

कापायच्या दिवशी तिने खांबांवर खडूने रेघा मारल्या आणि बेर्तोलाही जवळ येऊ दिलं नाही. ओनोफ्रे आणि त्याच्या भावाने छत धरलं. ग्राइंडर ओरडला, शेजारची कुत्री ओरडली, आणि खांब एकेक करून सुटले. मधले तुकडे गवतात पडले. दोघांनी छत हळूच खाली टेकवलं.

ओनोफ्रेने टेप लावला.

"तीनच उतरलंय, कोमाद्रे."

"तीन कसं? चार मोजलेत मी."

बेर्तो वाकून एक खांब बघत होता. खडूच्या रेघेच्या आत, वर अर्धा इंच आणि खाली अर्धा इंच, लोखंड शिल्लक होतं. चारही खांबांना तसंच, अगदी नेमकं.

"लिंडा," तो म्हणाला, "तू शिवणीसाठी कापड सोडलंस."

आणि तो हसायला लागला. किती दिवसांनी हसत होता! खुर्चीचा आधार घ्यावा लागला त्याला. ओनोफ्रे हसला, भाऊ हसला, कुंपणापलीकडे बाह्या मागायला आलेली नवरीची आई काही न कळता हसली. जन्मभराची सवय; हात कात्री धरो नाहीतर ग्राइंडर, दुमडायला कापड सोडणारच. एर्लिंडा ट्रकच्या पायरीवर बसली. आणखी कापायचं म्हणजे चुकायची आणखी एक संधी, आणि रविवार तोंडावर आलेला.

"असू दे तीन," ती म्हणाली. "आत बसून तर बघ."

बेर्तो आत जाऊन बसला. डोक्यावर त्याची काळी हॅट होती. ती फक्त देवासमोर उतरायची, कारण खाली टकलाचा चंद्र होता. हॅट आणि छत यांच्यात बोटभर जागा उरली.

"बघितलंस? चार केलं असतं तर हॅट मावली नसती."

बेर्तोने काचेतून एकदा बाहेर बघितलं. मग त्याने हॅट काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "हॅट घरी राहील. काप."

ओनोफ्रेच्या भावाने क्रॉसची खूण केली. एर्लिंडा पायरीवरून उठली. तिने मुखवटा ओढला आणि उरलेलं लोखंड उडवलं. छत बसलं तेव्हा पुढचे खांब जुळेनात, ते मुळात कलते असतात. पण बेर्तोला ते आधीच माहीत होतं. खांबांना बुडाशी चीर दे, मागे कलव, मग टाके घाल, असं तो सांगत गेला आणि ती करत गेली. काचा कापून आल्या. रंगाला वेळ उरला नाही, राखाडी अस्तरावरच भागवलं. पण ट्रक काय दिसत होता! उभा असूनही निघाल्यासारखा.

रविवारी सकाळी बेर्तो स्टिअरिंगसमोर बसला. इंजिन घुमलं. गिअरवर हात ठेवला तर हाताबरोबर दांडाही थरथरायला लागला. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग इंजिन बंद केलं आणि किल्ली तशीच ठेवून सीटवरून बाजूला सरकला.

"लिंडा, तू ये."

ती वळसा घालून आली. स्टिअरिंगसमोर बसली आणि ट्रक अंगणातून बाहेर काढला.

आमच्या खोऱ्यात रविवारी जोडपं गाडीतून निघालं की बायको मध्ये बसते, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि पलीकडच्या खिडकीची जागा मोकळी राहते. बायको खिडकीशी दिसली तर समजावं, घरात भांडण आहे. एर्लिंडा चाळीस वर्षं तशी मध्ये बसली होती. आज बेर्तो खिडकीशी बसेल असं तिने धरलं होतं. पण तो मधल्या जागेवरच राहिला होता, तिच्या खांद्याला खांदा लावून, उघड्या डोक्याने.

चौकात सारं गाव उभं होतं. ट्रक इतका हळू आला की पोरं चालत बरोबर राहिली. ओनोफ्रेने आत वाकून बघितलं आणि त्याला राहवलं नाही.

"कोम्पाद्रे, खिडकीशी जागा रिकामी आहे की!"

"राहू दे रिकामी," बेर्तो म्हणाला, आणि बायकोला आणखी चिकटून बसला.